तपासणीनंतरची तारीख

(मानकोली, तालुका भिवंडी, येथे बौद्ध कुटुंबांच्या सभेत एका वकिलांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वकिलाला सभेत उभे केले म्हणजे तो दाखल्यांविषयी, जमिनीच्या मोबदल्याविषयी किंवा ठेकेदाराने अडकविलेल्या मजुरीविषयी बोलणार, असे गृहीत धरूनच आपण येथे आला असाल. त्या विषयांवर मी यापूर्वी बोललो आहे व पुढेही बोलेन. आजचा विषय स्त्रियांच्या शरीराचा आहे आणि तो पुरुषांच्या समक्ष बोलावयाचा आहे. म्हणूनच महिलांची निराळी बैठक न घेता कुटुंबांची सभा बोलवावी, अशी विनंती मी मुद्दाम केली. ज्यांना संकोच वाटेल त्यांनी खाली पाहावे; परंतु उठून जाऊ नये.

गर्भाशयाच्या मुखाची, म्हणजे आपल्या आयाबाया जिला पिशवी म्हणतात तिच्या तोंडाची, कर्करोगाकरिता तपासणी होत असते. ती कधी आरोग्य केंद्रात होते, कधी शिबिरात, कधी मोठ्या रुग्णालयात. तपासणीत काही वेगळे आढळले की त्या बाईच्या हाती एक चिठ्ठी देण्यात येते आणि अमुक दिवशी अमुक ठिकाणी पुढील तपासणीस जा, असे सांगण्यात येते. त्या चिठ्ठीचे पुढे काय होते, एवढाच आजचा प्रश्न आहे.

माझ्या कचेरीत असे कागद मी पाहिले आहेत. गोदामात पायावर खोके पडून जायबंदी झालेली एक बाई भरपाईच्या दाव्यासाठी आली होती. तिने प्लॅस्टिकची पिशवी टेबलावर रिकामी केली. रेशनकार्ड, आधारकार्ड, मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला, आणि त्यांच्या मध्ये चौघडी घातलेला एक कागद. हा कसला म्हणून विचारले, तर ‘तो काही नाही साहेब, शिबिरात दिला होता.’ कागदावर दीड वर्षापूर्वीची तारीख होती आणि पुढील तपासणीसाठी मोठ्या रुग्णालयात पाठविल्याची नोंद होती. गेला होता काय, असे मी विचारले. ती म्हणाली, ‘दुखत तर काहीच नाही. मग कशाला जायचं?’

ती बाई अडाणी नव्हती. तिचे बोलणे तर्काला धरूनच होते. दुखले की दवाखान्यात जावे, न दुखले तर कामावर जावे, याच हिशेबाने गरिबाचा संसार चालतो. परंतु हा रोग त्या हिशेबात बसत नाही. त्याचे कारण समजून घेतल्यावाचून कोणी कितीही दटावले तरी बायका त्या तारखेला जाणार नाहीत, म्हणून ते मी जरा विस्ताराने सांगतो.

या कर्करोगाचे मूळ एका विषाणूत आहे. त्याचे नाव ह्यूमन पॅपिलोमा विषाणू. त्याच्या अनेक जाती आहेत. त्यांपैकी १६ आणि १८ क्रमांकाच्या दोनच जाती मिळून जगातील या कर्करोगाच्या सुमारे ७० टक्के रुग्णांना कारण होतात. हे संशोधन करणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू अत्यंत सर्वसाधारण आहे. संसार करणाऱ्या बहुतेक स्त्रीपुरुषांच्या अंगात तो आयुष्यात केव्हा ना केव्हा येऊन जातो, आणि बहुतेकांच्या बाबतीत शरीर स्वतःच वर्षा-दोन वर्षांत त्याला हाकलून लावते. थोड्या स्त्रियांमध्ये मात्र तो ठाण मांडतो. मग पिशवीच्या तोंडावरील पेशी हळूहळू बदलू लागतात. हा बदल म्हणजे अद्याप कर्करोग नव्हे. तेथून कर्करोगापर्यंत पोहोचावयास साधारणपणे १५ ते २० वर्षे लागतात, एच.आय.व्ही.ची लागण असून औषध चालू नसेल तर हाच काळ ५ ते १० वर्षांवर येतो. या सर्व काळात दुखत नाही, खुपत नाही, अंगावरून जातेच असेही नाही. जेव्हा दुखू लागते, संबंधानंतर रक्त दिसते, कंबर भरून येते, तेव्हा पुष्कळदा हातची मुदत निघून गेलेली असते.

मुदत हा शब्द मी वकील म्हणून वापरीत आहे. दावा कितीही खरा असला तरी मुदतीबाहेर गेला की न्यायाधीश हात वर करतो. येथे निसर्गाने फार उदार मुदत दिली आहे. तपासणी आहे ती एवढ्याचसाठी, की ती मुदत शिल्लक असताना बदल सापडावा.

तपासणीच्या अनेक रीती आहेत. पॅप तपासणीत पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. दुसऱ्या रीतीत विषाणूच शोधतात. आपल्याकडील आरोग्य केंद्रांत ठरलेली रीत तिसरी आणि सर्वांत सोपी आहे. शिरक्यात जे आम्ल असते तेच पातळ करून, ३ ते ५ टक्क्यांचे, कापसाने तेथे लावतात आणि थोडा वेळ थांबून नुसत्या डोळ्यांनी पाहतात. बदललेल्या पेशी पांढऱ्या दिसू लागतात. पण सूज असली, साधा संसर्ग असला तरीही पांढरे दिसू शकते. त्यामुळे ‘पॉझिटिव्ह’ या शब्दाचा अर्थ ‘आणखी नीट पाहिले पाहिजे’ एवढाच आहे.

कोर्टाचा बेलीफ दारात समन्स घेऊन आला म्हणजे घरातील बायका रडू लागतात, हे मी अनेक वेळा पाहिले आहे. समन्स म्हणजे शिक्षा नव्हे. हजर राहून आपले म्हणणे मांडण्यासाठी दिलेली ती तारीख असते. परंतु भीतीपोटी जो हजर होत नाही त्याच्याविरुद्ध एकतर्फी निकाल होतो, आणि मग अपिलात धावपळ करूनही हुकूम सहसा फिरत नाही. शिबिरातील ती चिठ्ठी हे असेच समन्स आहे.

याला पुरावा काय, असे विचारण्याचा आपला हक्क आहे. पुरावा आपल्याच महाराष्ट्रातील आहे. ज्या जिल्ह्याला आता धाराशिव म्हणतात त्या उस्मानाबाद जिल्ह्यात टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून एक मोठा अभ्यास केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. गावांचे ५२ समूह पाडून त्यांची चार गटांत विभागणी केली. तीन गटांत तीन निरनिराळ्या तपासण्या केल्या आणि चौथ्या गटात नेहमीची व्यवस्था तशीच राहू दिली. आम्ल लावून केलेल्या तपासणीत शंभर स्त्रियांपैकी सुमारे १४ जणींना पुढे पाहावे लागेल असे निघाले. परंतु खरोखर गंभीर बदल शंभरात एकीलाही पुरते नव्हते. हा हिशेब भगिनींनी मनात पक्का ठेवावा. चिठ्ठी मिळालेल्या बहुतेकींना पुढच्या तपासणीत ‘काही विशेष नाही’ हेच ऐकावयास मिळते. परंतु ते भाग्य आपलेच आहे हे घरी बसून कळत नाही.

त्या अभ्यासाचा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. ज्या गटात विषाणू शोधण्याची तपासणी एकदाच झाली होती त्या ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या रोगाने गेल्या. ज्या ३१,४८८ स्त्रियांची तपासणी झाली नाही त्यांच्यात ६४ मृत्यू झाले. बाकीच्या दोन रीतींनी त्या अभ्यासात मृत्यूंत म्हणावी तशी घट दिसली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण मुंबईत निराळे दिसले. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयाच्या स्त्रियांमध्ये तीच आम्लाची साधी तपासणी दर दोन वर्षांनी, चार वेळा केली. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या; दहावीपर्यंत शिकलेल्या, चार आठवडे प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका होत्या. २०१४ साली डॉ. सुरेंद्र शास्त्री, डॉ. इंद्रनील मित्रा, डॉ. गौरवी मिश्रा व त्यांचे सहकारी यांनी जाहीर केले की १२ वर्षांत तपासणी झालेल्या गटात या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

त्याच अभ्यासातील आणखी एक आकडा मला अधिक बोलका वाटतो. तपासणीला बोलावलेल्या शंभर स्त्रियांपैकी ८९ आल्या. परंतु ज्यांना पुढील तपासणीची गरज निघाली त्यांच्यापैकी निदान पक्के करून घेण्यास शंभरी ७९ च आल्या. पाठीशी टाटा रुग्णालयासारखी संस्था आणि दारावर येणाऱ्या सेविका असतानाही पाचांतील एक बाई अर्ध्या वाटेवरून परत फिरली. जेथे नुसती चिठ्ठी हातात देऊन शिबिराची गाडी निघून जाते, तेथे किती जणी परत फिरत असतील, याचा विचार आपणच करावा.

या अभ्यासांबद्दल एक गोष्ट वकील म्हणून बोलल्याशिवाय मला राहवत नाही. चौथ्या गटातील स्त्रियांना तपासणीविना ठेवणे न्याय्य होते काय, त्यांना पुरेसे समजावून त्यांची संमती घेतली होती काय, यावर पुढे कडक टीका झाली. मुंबईहून निघणाऱ्या ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्येही ती छापली गेली. मला ती टीका पुष्कळ अंशी रास्त वाटते. ज्या गरीब स्त्रियांच्या मृत्यूंतून हे ज्ञान मिळाले, निदान त्यांच्या जातभगिनींना तरी, म्हणजे सर्व गरीब स्त्रियांना, त्याचा उपयोग झाला पाहिजे.

असाच एक दाखला न्यूझीलंड देशातला आहे. ऑकलंड शहरातील नॅशनल विमेन्स रुग्णालयात हर्बर्ट ग्रीन नावाच्या डॉक्टरांचे मत असे होते की पेशींचा हा बदल कर्करोगात जात नाही. त्या मतापायी १९६६ पासून कित्येक स्त्रियांना पुरा उपचार न देता केवळ तपासत ठेवण्यात आले. स्त्रियांना हे सांगितलेही नव्हते. १९८७ साली सँड्रा कोनी आणि फिलिडा बंकल या दोन महिलांनी मासिकात लेख लिहून ते उघडकीस आणले. न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांनी चौकशी केली व १९८८ साली अहवाल दिला. रुग्णांच्या हक्कांची संहिता त्या देशात त्यातूनच जन्मली. पुढे २००८ साली त्या स्त्रियांचे कागद पुन्हा तपासून हिशेब मांडण्यात आला. गंभीर बदल असूनही केवळ तुकडा काढून सोडून दिलेल्यांपैकी ३० वर्षांत शंभरातील सुमारे ३१ जणींना कर्करोग झाला. ज्यांचा उपचार वेळीच पुरा झाला त्यांच्यात हे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी होते.

यावर कोणी हुशार गृहस्थ म्हणेल, शंभरातील ६९ जणींना तर उपचाराशिवायही काही झाले नाही! खरे आहे. परंतु त्या ६९ कोणत्या आणि ३१ कोणत्या, हे आगाऊ सांगू शकेल असा डॉक्टर जगात नाही. आणि भगतही नाही. अंगारा लावून पांढरे डाग जात नाहीत हे या सभेत सांगण्याची गरज पडू नये. तरी सासरी-माहेरी जुने लोक आहेत, म्हणून सांगितले.

आता आपण येथील स्थितीकडे वळू. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या स्त्रिया शंभरात दोनही भरल्या नाहीत, प्रमाण १.९ टक्के निघाले. वास्तविक २०१६ सालीच केंद्र सरकारने ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी आम्लाने तपासणी करण्याची योजना कागदावर आणली होती. २०२२ या एका वर्षात या देशात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा कर्करोग झाला व जवळजवळ ८० हजार स्त्रिया दगावल्या, असा जागतिक अंदाज आहे. म्हणजे जी बाई तपासणीला पोहोचली ती शंभरात एखाददुसरी. एवढी वाट चालून आलेली बाई पुढच्या पायरीवरून परत फिरावी, याहून वाईट ते काय?

ती का फिरते? रोज बुडतो म्हणून. मानकोलीच्या नाक्यापासून अंजूरफाट्यापर्यंत गोदामेच गोदामे उभी आहेत, आणि त्यांच्यात माल बांधणाऱ्या, चिठ्ठ्या डकविणाऱ्या बायका रोजंदारीवर आहेत. एक दिवस गैरहजर राहिले तर त्या दिवसाची मजुरी जाते आणि दोन दिवस राहिले तर मुकादम दुसरी बाई उभी करतो. महामार्ग दारावरून जातो, खाडीवर डोंबिवलीकडे पूल झाला, नाशिकचा माल रातोरात मुंबईला पोहोचतो. परंतु येथील एका बाईला परळला जाऊन परत यावयाचे तर रिक्षा, बस, लोकल असे करीत दिवस मोडतो. तेव्हा ‘बायका निष्काळजी आहेत’ असे जे शिबिरवाले म्हणतात ते मला मान्य नाही. तपासणी आणि उपचार यांच्यामध्ये चार फेऱ्या घालावयास लावणारी व्यवस्था निष्काळजी आहे. जागतिक आरोग्य संघटना तर असे सांगते की योग्य त्या स्त्रीला तपासणीच्या भेटीतच उपचार देता येतो. तशी सोय आपल्या तालुक्यात व्हावी ही मागणी आपण लेखी केली पाहिजे, आणि तो अर्ज लिहून देण्याचे मी पत्करतो.

१९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी मांडले होते की मातेच्या विश्रांतीचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, आणि जो मालक स्त्रियांच्या श्रमापासून लाभ घेतो त्यानेही काही अंशी तो सोसावा. तोच न्याय येथे लागू पडतो. ज्यांच्या पगारातून कामगार विम्याची वर्गणी कापली जाते त्यांना, आणि विमाधारक पुरुषांच्या पत्नींनाही, विम्याच्या दवाखान्यात उपचाराचा हक्क आहे. आपल्या पगारातून ती कापली जाते की नाही हेच अनेकांना ठाऊक नसते. पगाराची चिठ्ठी मागून घ्या. ठेकेदार देत नसेल तर मजकडे या.

दुसरे कारण मजुरीपेक्षाही अवघड आहे. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो हे कोठून तरी कानावर पडते, आणि घरात संशय सुरू होतो. म्हणून बाई चिठ्ठी लपविते. पुरुषांनो, हे आपणांस उद्देशून आहे. हा विषाणू अंगात केव्हा आला हे कोणतीही तपासणी सांगत नाही. तो विवाहाच्या पहिल्या वर्षात आलेला असू शकतो, आणि तो आपणच आणलेला असू शकतो. पुरुषाच्या अंगात त्याची काही खूण बहुधा दिसत नाही, इतकेच. असला रिपोर्ट घेऊन कोणी नवरा बायकोच्या चारित्र्याविरुद्ध पुरावा म्हणून माझ्या कचेरीत आला, तर मी त्याची फी घेणार नाही आणि त्याला बसावयास खुर्चीही देणार नाही.

तिसरे कारण भीती. आणि या भीतीचा धंदा करणारे लोक आहेत. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. ८२ हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतील १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर मुकादम दंड लावतो, हे त्यामागचे एक कारण. आणि अंगावरून पांढरे जाते म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला ‘पिशवी काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल’ असे भय घालणारे खाजगी दवाखाने हे दुसरे. अनेक राज्यांतील अशा शस्त्रक्रियांविरुद्धच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना यासंबंधीची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांच्या आत अमलात आणण्यास सांगितले.

तपासणीत पांढरे दिसले, एवढ्यावरून पिशवी काढण्याचे कारण नाही. आधी कॉल्पोस्कोप नावाच्या भिंगातून तो भाग मोठा करून पाहतात. शंका वाटली तर तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढून तपासावयास पाठवितात. बदल गंभीर निघाला तर तेवढा भाग थंडीने गोठवून, उष्णतेने जाळून किंवा विजेच्या तारेच्या फासाने काढून टाकतात. बहुतेक वेळी बाई त्याच दिवशी घरी येते आणि पिशवी शाबूत राहते. ही पायरी न चढता कोणी सरळ शस्त्रक्रियेची तारीख देऊ लागला तर तेथून उठावे आणि सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. तारीख पाळा म्हणून मी सांगतो आहे; कोणाच्याही हाती शरीर सोपवा म्हणून सांगत नाही.

संमतीचा कायदा येथे ध्यानी घ्या. दिल्लीतील एका प्रकरणात एका स्त्रीने केवळ दुर्बिणीच्या तपासणीस संमती दिली होती. ती बेशुद्धीत असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली आणि तिचे गर्भाशय व अंडाशय काढून टाकले. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी ठरविले की तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे. रुग्ण सज्ञान असताना, जिवावर बेतलेला प्रसंग नसता, दुसऱ्या कोणाची संमती चालत नाही. आईची चालत नाही तर नवऱ्याची व सासूची कशी चालेल? उलट बाजूनेही तेच खरे आहे. सज्ञान स्त्रीला पुढच्या तपासणीला जाण्यासाठी कोणाच्याही सहीची गरज नाही.

कागद जपून ठेवा. चिठ्ठी, रिपोर्ट, तुकड्याच्या तपासणीचा निकाल, उपचार झाला असल्यास त्याची नोंद, सर्व एका पिशवीत आणि शक्य तर त्यांचे फोटो मोबाइलमध्ये. कागद हरवला म्हणून लाजून घरी बसू नये. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत तिच्या नोंदी तिला दिल्या पाहिजेत. तपासणीच्या वेळी खोलीत एक स्त्री हजर असावी अशी मागणी करा, पडदा मागा, निकाल आपल्यालाच सांगा, नवऱ्याला आधी नको, असे म्हणण्याचाही आपणांस अधिकार आहे. महाराष्ट्राच्या शुश्रूषागृहांच्या नियमांत २०२१ साली रुग्ण हक्कांची सनद घातली गेली आहे; खाजगी रुग्णालयाने ती दर्शनी भागात लावावयाची असते. रोग पुढे गेलेला निघालाच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत, आणि २०२३ साली ती योजना राज्यातील सर्व कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय झाला. रेशनकार्ड आणि आधारकार्डावरील नावे जुळत नसतील तर ती आताच जुळवून घ्या. आजारपणात तहसील कचेरीच्या खेपा होत नाहीत.

महिला मंडळाने काय करावे, असे आपल्यापैकी एका ताईंनी सभेपूर्वी विचारले. कोणाला चिठ्ठी मिळाली त्यांची यादी विहाराच्या फळ्यावर लावावी, अशी त्यांची सूचना होती. हेतू चांगला आहे, पण असे करू नका. आजार ही त्या बाईची खाजगी बाब आहे. एकदा नाव फळ्यावर आले की दुसरी बाई तपासणीलाच जाणार नाही. त्याऐवजी प्रत्येकीने आपल्या विश्वासाची एक सोबतीण निवडावी. तारीख दोघींना ठाऊक असावी, आणि त्या दिवशी दोघींनी मिळून जावे. गाडीभाड्याकरिता मंडळाने थोडा निधी बाजूला ठेवावा व कशासाठी पाहिजे हे न विचारता द्यावा. आशाताईंचा नंबर प्रत्येकीजवळ असावा, कारण तारीख बदलली, मशीन बंद पडले, डॉक्टर रजेवर गेले, असे घडते; आणि एकदा हात हलवीत परत आलेली बाई दुसऱ्यांदा सहसा जात नाही. निघण्यापूर्वी विचारून निघावे.

उपचार झाला म्हणजे प्रकरण निकाली निघाले, असेही नाही. उपचारानंतर काही आठवडे पाण्यासारखा स्राव जातो. त्याला घाबरू नये. साधारण महिनाभर शरीरसंबंध टाळावयाचा असतो, आणि ते पाळणे पत्नीच्या हाती थोडे, पतीच्या हाती अधिक आहे. रक्त फार जाऊ लागले, ताप आला, घाण वास येऊ लागला तर ताबडतोब दाखवावे. आणि वर्षभराने पुन्हा तपासणी करावी, कारण थोड्या स्त्रियांमध्ये बदल मागे राहतो किंवा पुन्हा उद्भवतो. बायका सर्वांत अधिक चुकवितात ती ही तारीख, असे माझे निरीक्षण आहे. उपचार होऊन गेलेला असतो, दुखत काहीच नसते, आणि वर्ष हा काळ विसरण्यास पुरेसा असतो.

चिठ्ठ्यांवर लिहून जे प्रश्न आले आहेत त्यांतील दोनच घेतो, कारण लोकांना रात्रपाळीला जावयाचे आहे. एकीने विचारले आहे, पाळी बंद झाली, आता काय गरज? गरज आहे, हा रोग पाळी गेल्यानंतरही होतो, आणि पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसले तर तारखेची वाटच पाहू नये, त्याच आठवड्यात जावे. दुसरीने विचारले आहे, दिवस गेले असताना पुढील तपासणीची तारीख आली तर? जावे, आणि दिवस गेल्याचे आधी सांगावे. भिंगातून पाहण्याने बाळाला धोका होत नाही. कर्करोगाची शंका नसेल तर उपचार बहुधा बाळंतपणानंतर करतात. बाळंतपणानंतर डॉक्टर जी तारीख देतील ती मात्र तान्ह्या मुलाच्या गडबडीत बुडते. म्हणून ज्यांच्या घरी असे असेल त्यांनी त्या दिवशी मूल कोणी सांभाळावयाचे, हे आजच घरी गेल्यावर ठरवून टाकावे.